घर, नोकरी आणि लहान मूल

(चोपडे येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



शापोरा नदीच्या उत्तर तीरावरील चोपडे गावाची सकाळ आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. पलीकडे शिवोलीस जावयाचे तर एके काळी फेरीबोटीची वाट पाहावी लागे. बोट सुटली की मागे राहिलेली माणसे पुढच्या फेरीपर्यंत धक्क्यावर बसून राहत. नदीवर पूल झाला आणि ते ताटकळणे संपले. म्हापसा जवळ आला, पणजी आटोक्यात आली. पेडणे तालुक्यातच मोपा येथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमानांची ये-जा सुरू झाली. तुये येथील औद्योगिक वसाहत, मोरजी, मांद्रे व हरमलच्या किनाऱ्यावरील हॉटेले, बँका, शाळा, दवाखाने अशा कितीतरी ठिकाणी तालुक्यातील तरुण आणि तरुणी कामास जाऊ लागल्या. ही प्रगतीच होय, आणि तिचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु या प्रगतीच्या पाठोपाठ एक प्रश्न घराघरांत येऊन बसला आहे. तो ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर येत नाही की वर्तमानपत्राच्या मथळ्यातही दिसत नाही. पती आणि पत्नी दोघेही नोकरीस जातात आणि घरात दोन-अडीच वर्षांचे मूल आहे. सकाळी आठपासून सायंकाळी सहापर्यंत ते मूल कोणापाशी असावे? प्रश्न साधा दिसतो. त्याचे उत्तर मात्र दररोज नव्याने शोधावे लागते, आणि ते शोधता शोधता घरातील दोन समंजस माणसे एकमेकांवर चिडू लागतात. ही चिडचिड स्वभावाचा दोष मानली जाते. वस्तुतः तो वेळेच्या हिशेबाचा दोष आहे, आणि हा हिशेब एकट्या घराने चुकविलेला नाही.

पूर्वी बायका घरीच असत काय?

या विषयावर बोलणे निघाले की वडीलधाऱ्या मंडळींचा एक उद्गार हमखास कानी पडतो: ‘पूर्वी बायका घरी असत, म्हणून मुले नीट वाढत.’ हा उद्गार वस्तुस्थितीला धरून नाही. पेडणे तालुक्यातील कष्टकरी घरांतील स्त्री केव्हाही केवळ घरी बसलेली नव्हती. पावसाळ्यात ती लावणीला वाकलेली असे, उन्हाळ्यात आगरवाड्याच्या मिठागरांवर राबत असे, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन वाड्यावाड्यांतून फिरत असे. तिच्या कामाला पगार नव्हता किंवा होता तो तुटपुंजा होता, एवढ्यावरून तिला काम नव्हते असे कसे म्हणता येईल?

मग त्या काळी मूल कोण सांभाळीत असे? पहिले उत्तर असे की मूल आईबरोबरच कामाच्या जागी जात असे. शेताच्या कडेला झाडाच्या फांदीस लुगड्याची झोळी बांधलेली असे. मूल रडले की आई बांधावर येऊन त्याला पाजी आणि पुन्हा चिखलात उतरे. दुसरे उत्तर म्हणजे घरातील आजी. तिसरे उत्तर मात्र फारसे कोणी बोलून दाखवीत नाही. आठ-दहा वर्षांची मोठी मुलगी धाकट्या भावंडाला काखेत घेऊन दिवस काढीत असे, आणि तिची शाळा कायमची बुडत असे. जुन्या व्यवस्थेची किंमत कोणीतरी मोजलीच होती. ती मोजणारी मुलगी लहान होती, म्हणून तिची तक्रार ऐकू आली नाही, इतकेच.

ही गोष्ट ज्यांनी नेमकी ओळखली, त्या होत्या मराठी बालशिक्षणाच्या क्षेत्रातील ताराबाई मोडक. त्यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. शाळेत मुली का येत नाहीत याचा शोध घेताना त्यांना दिसले की मुलींच्या कडेवर भावंड असते. मुलीला शाळेत आणावयाचे तर त्या भावंडाचीही सोय शाळेतच झाली पाहिजे. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आकारास आलेल्या ‘विकासवाडी’च्या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी नांदू लागल्या. वस्तीतील अंगणात जाऊन मुले जमविण्याच्या त्यांच्या पद्धतीतूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. लहान मुलाचा सांभाळ हा शिक्षणाचाच भाग आहे, हा विचार मराठी मुलखाला परका नाही. तो येथेच जन्मला आहे.

काय बदलले?

१९६१ साली गोवा मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात पेडण्याचेच सुपुत्र दयानंद बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या. जिच्या काखेत भावंड होते, ती मुलगी हळूहळू शाळेच्या बाकावर बसली. तिच्या मुली पुढे शिक्षिका, परिचारिका, कारकून, तलाठी झाल्या, आणि नाती आज विमानतळावर, बँकेत, औषधांच्या कारखान्यात काम करतात. एका पिढीने मुलींना शाळेत धाडले आणि दुसरीने त्यांना नोकरीस धाडले. त्या नोकरीच्या वेळात घरातील मूल कोणी पाहावे, याचा विचार करण्याचे मात्र दोन्ही पिढ्यांकडून राहून गेले.

पगारी नोकरी आणि शेतातील काम यांत एक मोठा फरक आहे. शेताला हजेरीपत्रक नसते. तेथे पाऊस, भरती-ओहोटी आणि ऊन यांचे वेळापत्रक कडक असले तरी मूल कडेला ठेवून काम होऊ शकत होते. कार्यालयाच्या खिडकीपाशी झोळी बांधता येत नाही आणि यंत्रापाशी तर मूल नेणेच धोक्याचे. त्यातच घरे लहान झाली, भाऊ वेगळे राहू लागले. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचा एकूण प्रजनन दर केवळ १.३ इतका आढळला. याचा अर्थ असा की सांभाळावयास मोठे भावंडही आता बहुतेक घरांत उरलेले नाही. मोठ्या मुलीची त्या ओझ्यातून सुटका झाली ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ते ओझे नाहीसे झाले नाही. ते कोणीतरी उचलावे लागतेच.

एक गृहीत

कोणत्याही नोकरदार जोडप्याचा एक दिवस डोळ्यांसमोर आणावा. समजा, पती विमानतळावर पाळीने काम करतो आणि पत्नी म्हापशाच्या एका कार्यालयात आहे. मूल तीन वर्षांचे असून गावच्या अंगणवाडीत जाते. पहाटे उठून पेज, डबे, पाणी, मुलाची आंघोळ आटोपून पत्नी बस पकडते. अंगणवाडी दुपारपूर्वीच सुटते. नोकरी सुटते सायंकाळी. मधले पाच-सहा तास कधी आजीकडे, कधी शेजारणीकडे, कधी रात्रपाळीहून आलेल्या आणि झोपेने डोळे जड झालेल्या पित्याकडे, अशी त्या मुलाची वाटणी होते. अकरा वाजता मुलाला ताप भरला तर अंगणवाडीतून दूरध्वनी कोणाला जातो? नदीपलीकडे म्हापशाला असलेल्या आईला. पिता पाच मिनिटांच्या अंतरावर घरी असला तरी त्याला कोणी बोलावीत नाही, कारण वहीत त्याचा क्रमांकच लिहिलेला नसतो. यात कोणाचाही दुष्ट हेतू नाही. मुलाचे दुखणे म्हणजे आईचे काम, असे सर्वांनीच धरून चाललेले असते.

असेच दुसरेही एक गृहीत सर्वत्र आहे, आणि सर्व अडचणींचे मूळ तेच आहे. ते म्हणजे ‘घरात कोणीतरी असेलच’. शाळा दुपारी सुटते ती या भरवशावर. पालकसभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला बोलावली जाते ती याच भरवशावर. लसीकरणाचा दिवस, स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर, दाखल्यासाठी कार्यालयातील खेप ही सर्व कामे दिवसा घरी एक मोकळे माणूस आहे असे मानूनच ठरविलेली असतात. कार्यालय सायंकाळी उशिरापर्यंत कर्मचाऱ्यास थांबवून घेते तेही त्याच्या घरी दुसरे कोणी आहे असे समजून. प्रत्येक संस्थेने आपला वेळ स्वतःपुरता सोयीचा ठरविला आणि मधली पोकळी भरून काढण्याचे काम ‘घरातील कोणीतरी’ या अनाम व्यक्तीवर सोपविले. ती व्यक्ती आता कामावर गेली आहे. तिची जागा मात्र कोणीही भरलेली नाही.

कायदा काय देतो आणि कोठे थांबतो?

शासनाने या बाबतीत काहीच केलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने नोकरदार स्त्रीस १२ आठवड्यांची भरपगारी रजा दिली होती. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवडे झाली. ज्या आस्थापनेत ५० किंवा अधिक कर्मचारी आहेत तेथे पाळणाघराची सोय असावी आणि मातेला दिवसातून चार वेळा मुलास भेटता यावे, अशीही तरतूद त्याच दुरुस्तीने आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी समाविष्ट झाल्या आहेत. केंद्र सरकारच्या सेवेतील स्त्रियांना २००८ पासून संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा मिळू शकते, आणि पुढे एकट्याने मूल वाढविणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्यांनाही ती लागू झाली. केंद्रीय कर्मचारी असलेल्या पित्यास अपत्यजन्माच्या वेळी १५ दिवसांची पितृत्व रजा आहे.

मात्र या तरतुदींची मर्यादाही पाहिली पाहिजे. किनाऱ्यावरील लहान अतिथिगृह, बाजारातील दुकान, खासगी दवाखाना येथे ५० माणसे नसतात, म्हणून तेथील मातेला पाळणाघराची तरतूद लागू होत नाही. खासगी नोकरीतील पित्यासाठी रजेचा सर्वसाधारण कायदा नाही. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुलाच्या वयाची आहे. २६ आठवडे संपतात तेव्हा मूल जेमतेम सहा महिन्यांचे असते. अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक वर्ग सुरू होतो तो तिसऱ्या वर्षी. मधली अडीच वर्षे कोणाचीच नाहीत. मूल चालू-बोलू लागते, पडते, आजारी होते, माणसे ओळखू लागते, तीच ही वर्षे. नेमक्या याच काळात अनेक स्त्रिया नोकरी सोडतात आणि पुन्हा कामावर परतू पाहतात तेव्हा त्यांची जागा भरलेली असते. बढती, सेवेची सलग वर्षे, भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन या सर्वांवर त्या अडीच वर्षांची सावली आयुष्यभर पडते.

ही दरी भरून काढण्याचा एक मार्ग आता शासकीय धोरणात आला आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतून अंगणवाड्यांचे जाळे उभे राहिले. २०२२ पासून मिशन शक्तीखालील ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालविण्याची कल्पना आहे, आणि त्यात सहा महिने ते सहा वर्षे या वयाची मुले धरलेली आहेत. म्हणजे जेथे रजा संपते तेथून शाळा सुरू होईपर्यंत. ताराबाई मोडकांनी जे बोर्डीत पाहिले, ते धोरणाच्या भाषेत यावयास सात दशकांहून अधिक काळ लागला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अंगणवाडीची सेविका आणि मदतनीस याही नोकरदार माताच आहेत. त्यांना वेतन नव्हे तर मानधन मिळते. त्या ग्रॅच्युइटीस पात्र आहेत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला, तोवर तोही हक्क त्यांना नाकारला जात होता. अंगणवाडीचा वेळ सायंकाळपर्यंत वाढविला आणि माणसे व मानधन तेवढेच ठेवले, तर एका स्त्रीचे ओझे उतरवून दुसरीच्या डोक्यावर ठेवल्यासारखे होईल. पाळणाघरासाठी स्वतंत्र आणि प्रशिक्षित स्त्री हवी, तिला योग्य मोबदला हवा, आणि खोली, पाणी, अंथरूण व कुंपण ही साधी सोय हवी.

पित्याचा वाटा

संस्थांनी आपले वेळ सुधारले तरी घरातील वाटणी उरतेच. या बाबतीत आकडे स्पष्ट बोलतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असे आढळले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे विनामोबदला घरकाम करतात, आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ असे आले. स्त्रियांची १० मिनिटे वाचली, पण पुरुषांचीही ९ मिनिटे कमी झाली. दोघांतील अंतर २०२ मिनिटांचे होते, ते २०१ झाले. मिक्सर आला, गॅस आला, नळ आला. काम थोडे हलके झाले, त्याची वाटणी मात्र होती तशीच राहिली.

पुरुष घरकाम करू इच्छित नाहीत, एवढेच याचे कारण नाही. मुलाला मांडीवर घेऊन भरविणारा तरुण ‘बायकोच्या ताटाखालचे मांजर’ ठरतो, आणि हे ठरविणाऱ्यांत घरातील स्त्रियाही असतात. मुलाच्या आजारपणासाठी रजा मागणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्यास ‘घरी बायको नाही काय?’ असा प्रश्न विचारला जातो. पित्याची इच्छा असली तरी त्याच्या वाटेत अशी काटेरी कुंपणे असतात. त्याचे नुकसानही थोडे नाही. रात्रपाळी, दिवसपाळी करता करता मुलाचे बोबडे बोल केव्हा संपले हे त्याला कळतही नाही.

स्वीडनचे उदाहरण येथे विचारात घेण्यासारखे आहे. त्या देशाने १९७४ साली अपत्यसंगोपनाची रजा माता व पिता दोघांनाही खुली केली. परंतु बहुतेक पित्यांनी ती घेतलीच नाही. म्हणून १९९५ साली एक महिना पित्यासाठी राखून ठेवण्यात आला. त्याने तो घेतला नाही तर तो कुटुंबाच्या हातून जाणार, अशी ती तरतूद होती. पुढे हा राखीव काळ प्रत्येकासाठी ९० दिवस झाला आणि मुलाची गाडी ढकलीत फिरणारा पिता तेथील रस्त्यावर नवलाचा राहिला नाही. सवलत नुसती उपलब्ध असून भागत नाही. ती घेणे हे पित्याचे कर्तव्य आहे, असा संकेत समाजाने द्यावा लागतो.

गोव्याला यासाठी दूरवर पाहण्याचीही गरज नाही. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती आणि पत्नी यांची मालमत्ता समाईक मानली जाते. घर किंवा जमीन विकावयाची तर दोघांच्या सह्या लागतात, हे गावातील लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. मालमत्ता समाईक असेल तर कष्ट समाईक का नसावेत? जमिनीच्या कागदावर जिची सही लागते, तिच्या बरोबरीने मुलाच्या दुधाच्या बाटलीला हात लावण्यात कमीपणा कसला?

याच तत्त्वाने घरातील आणखी एक हिशेब दुरुस्त होऊ शकेल. पाळणाघराचा खर्च पुष्कळ घरांत केवळ पत्नीच्या पगारातून वजा केला जातो, आणि मग ‘हाती उरते ते काय? त्यापेक्षा घरीच राहा’ असा निकाल दिला जातो. मूल दोघांचे, मालमत्ता दोघांची, तर तो खर्चही दोघांच्या मिळकतीतून वजा झाला पाहिजे. असा हिशेब मांडला तर नोकरी सोडण्याचे किती निर्णय बदलतील, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

आजी आणि मूल

आजी-आजोबांविषयी कृतज्ञतेने बोलले पाहिजे. पेडण्यातील असंख्य नोकऱ्या आजीच्या बळावर चालल्या आहेत. परंतु आजीलाही गृहीत धरले जाते. तिचे गुडघे दुखतात, तिची परसातील झाडे, देवळातील भजन, शेजारणींशी चार शब्द, हे सारे बाजूला पडते. तिला ‘जमेल का?’ असे विचारणे, आठवड्यातून एखादा दिवस मोकळा देणे आणि तिने घालून दिलेल्या वळणाचा मान राखणे, एवढे तरी झालेच पाहिजे.

मुलाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. आई नोकरी करते म्हणून मूल बिघडते, ही भीती अनेक मातांना पोखरत असते. मुलाला हवी असतात ती दोन-तीन ओळखीची, प्रेमळ आणि रोज तीच असणारी माणसे. आज येथे, उद्या तेथे अशी ओढाताण झाली की ते बावरते. ते गप्प बसावे म्हणून त्याच्या हाती भ्रमणध्वनी देणे हा सोपा परंतु घातक उपाय होय. एक वर्षाखालील बालकास पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. तान्ह्या मुलाला गोष्ट सांगावयास, चांदोबा दाखवावयास आणि अंगणातील मुंग्यांची रांग पाहत बसावयास एक जिवंत माणूस लागते.

कोणी काय करावे?

शिक्षकांनी आणि अंगणवाडी सेविकांनी वहीत माता व पिता दोघांचेही क्रमांक लिहावेत आणि जो जवळ असेल त्याला प्रथम बोलवावे. पालकसभा सायंकाळी किंवा सुटीच्या दिवशी घ्यावी आणि निमंत्रणात पित्याचेही नाव असावे. शाळेला अचानक सुटी देण्याची वेळ आली तर आदल्या दिवशी कळवावे. या गोष्टींना शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

अधिकाऱ्यांनी रजा मागणाऱ्या पित्याकडे संशयाने पाहू नये. पाळीचे वेळापत्रक महिन्याच्या आरंभी हाती मिळाले तर पती-पत्नींना आपापल्या पाळ्यांची सांगड घालता येते. आयत्या वेळी बदललेली पाळी घरातील सगळी घडी विस्कटते. पती-पत्नी दोघेही शासकीय सेवेत असतील तर त्यांची नेमणूक शक्यतो एकाच ठिकाणी व्हावी, असे केंद्र सरकारचे धोरण १९८६ पासून आहे. त्या धोरणामागील दृष्टी इतर कार्यालयांनीही स्वीकारावी. दाखले आणि अर्ज यांसाठी नोकरदार माणसाला अर्ध्या दिवसाची रजा घालवावी लागू नये, इतपत खिडकीची वेळ लवचीक असावी.

ग्रामस्थांनी हा विषय ग्रामसभेत आणावा. पंचायतीजवळ वापरात नसलेली एखादी खोली आहे काय, सहा महिने ते तीन वर्षे वयाची किती मुले गावात आहेत, त्यांपैकी किती घरांत दोघेही कामास जातात, ही मोजणी एका रविवारी होऊ शकेल. ही माहिती हाती असली म्हणजे ‘पाळणा’ योजनेसाठी महिला व बालविकास खात्याकडे नेमकी मागणी नोंदविता येते. मागणी नेमकी असली की कागद पुढे सरकतो, असा अनुभव आहे.

आणि जोडप्यांनी एक करावे. रात्री मूल झोपल्यानंतर पुढच्या आठवड्याचा हिशेब एकत्र बसून मांडावा. कोणत्या दिवशी कोण लवकर येणार, मूल आजारी पडले तर प्रथम रजा कोणाची, बाजार कोणाचा, डबा कोणाचा, हे आधीच ठरलेले असले म्हणजे सकाळी दारात उभे राहून वाद होत नाहीत. ‘मदत करतो’ हा शब्द पतीने वापरू नये, कारण मदत परक्याच्या कामात केली जाते.

चवथीच्या दिवसांत या तालुक्यातील कोणत्याही वाड्यावर पाहावे. माटोळीसाठी रानातील फळे कोणी आणावयाची, ती कोणी बांधावयाची, नेवऱ्या कोणी करावयाच्या, आरती कोणत्या घरापासून सुरू करून कोठे संपवावयाची, हे सारे न सांगता वाटून घेतलेले असते. एका घरचा गणपती एकट्या घराचा राहत नाही, साऱ्या वाड्याचे पाय त्या घराला लागतात. वर्षातील पाच-सात दिवस कामाची अशी वाटणी ज्या गावाला साधते, त्याला नोकरीवर गेलेल्या शेजाऱ्यांचे मूल दुपारी कोठे असेल हे ठरविणे कठीण जाऊ नये. त्यासाठी ‘घरात कोणीतरी असेलच’ हे जुने गृहीत सोडून द्यावे लागेल, आणि त्या ‘कोणीतरी’च्या जागी ठरलेली माणसे, ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा उभी करावी लागेल.